मोटारीच्या टायरांची स्वच्छता आणि चकाकी

मोटारगाडी अथवा स्कूटर ही आतां केवळ श्रीमंतांच्या दारांतील शोभेची वस्तु राहिलेली नाहीं. शिक्षक, कारकून, दुकानदार, शेतकरी अशा सर्व थरांतील कुटुंबांत कोणतें ना कोणतें वाहन असतें, आणि सुटीच्या दिवशीं अगर सणाच्या आदल्या दिवशीं तें धुण्याचें काम बहुधा घरांतील शाळकरी मुलांकडे येतें. मुलें कांचा पुसतात, रंगावरून फडकें फिरवितात, आणि शेवटीं टायरांकडे वळतात. त्या वेळीं प्रश्न पडतो कीं, टायर कशानें धुवावे, आणि ते काळेभोर दिसावे म्हणून त्यांस काय लावावें? दुकानांत नाना रंगांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. शेजारी रॉकेल सुचवितो, गॅरेजवाला डिझेल सुचवितो, आणि कोणी घरचें खोबरेल तेल चोळून मोकळा होतो. या निवडीचा विचार शास्त्रीय दृष्टीनें कसा करावा, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाहीं. धांवत्या मोटारीचा सर्व भार चार टायरांवर असतो, आणि प्रत्येक टायर जमिनीला जेथें टेकतो ती जागा सुमारें माणसाच्या तळहाताएवढीच असते. चार तळहातांएवढ्या रबरावर सबंध कुटुंबाचे प्राण विसंबून असतात. स्कूटरची गोष्ट तर याहूनहि नाजूक. तेव्हां त्या रबराला आपण काय चोळतों, याचा विचार करणें हें केवळ शोभेचें काम नव्हे.

टायरास काय लावावें हें ठरविण्यापूर्वीं टायर कशाचा बनतो हें पाहिलें पाहिजे. रबराच्या झाडाचा चीक गोठवून सुकविला म्हणजे जें रबर मिळतें, तें उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत कडक बनतें. इ. स. १८३९ मध्यें चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास असें आढळून आलें कीं, रबरांत गंधक मिसळून त्यास उष्णता दिली असतां हे दोन्ही दोष नाहींसे होतात. या क्रियेस व्हल्कनायझेशन म्हणतात. पुढें बेल्फास्ट येथें राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेनें भरलेले टायर बनविले, आणि इ. स. १८८८ मध्यें त्यांचें पेटंट घेतलें.

पुष्कळांचा असा समज असतो कीं, रबर मूळचेंच काळें असतें. वस्तुतः आरंभींचे टायर फिकट व पांढुरके असत. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातींतील टायरांचा बनलेला लठ्ठ माणूस इ. स. १८९८ मध्यें जन्मास आला. तो पांढरा आहे याचें कारण हेंच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रबरांत काजळी, म्हणजे कार्बनची अतिशय बारीक पूड, मिसळण्याची पद्धत रूढ होत गेली. काजळीनें रबर बळकट होतें, तें सावकाश झिजतें, आणि सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण ती स्वतः शोषून घेते. टायराचा काळा रंग हा अशा रीतीनें नटण्यासाठीं दिलेला रंग नसून त्याच्या आयुष्याचा आधार आहे.

मात्र काजळीला न आवरणारा एक शत्रु आहे, आणि तो म्हणजे ओझोन वायु. आपण श्वासाबरोबर घेतों त्या प्राणवायूच्या एका रेणूंत दोन परमाणु असतात. ओझोनाच्या रेणूंत तीन असतात. मोटारींच्या धुरांतील वायूंवर ऊन पडलें म्हणजे जमिनीलगतच्या हवेंत हा वायु थोड्या प्रमाणांत तयार होतो. ताणलेल्या रबराच्या लांबच लांब रेणूंस तो तोडतो, आणि मग टायराच्या बाजूवर केंसासारख्या बारीक भेगा दिसूं लागतात. या संकटापासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यांतच रबरांत दोन प्रकारचे पदार्थ घालतात. एक मेण, आणि दुसरीं ओझोनाशीं स्वतः संयोग पावणारीं रसायनें. हे पदार्थ टायराच्या पोटांतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. मेणाचा पातळ पापुद्रा बनतो, आणि रसायनें ओझोनाचा मारा आपल्या अंगावर घेऊन रबरास वांचवितात. असें करितांना त्यांचा रंग तपकिरी होतो. वापरलेल्या टायराच्या बाजूवर जी तांबूस छटा दिसते, तिच्यांत रस्त्याच्या धुळीचा वाटा असतो, तसाच या पहारेकऱ्यांचाहि असतो.

यावरून निवडीचा मुख्य नियम आपोआप निघतो. टायर धुण्यासाठीं अगर चमकविण्यासाठीं घ्यावयाचा पदार्थ असा असावा कीं, तो धूळ, चिखल व जुनें पॉलिश काढील, परंतु रबराच्या पोटांतील हे रक्षक पदार्थ ओढून नेणार नाहीं. चकाकी किती आली, हा प्रश्न त्यानंतरचा होय.

प्रथम धुण्याच्या पदार्थांविषयीं. नेहमींच्या मळाला पाणी, सौम्य साबणाचा फेस आणि ताठ केंसांचा ब्रश एवढें पुरतें. टायर बनविणारे कारखानेहि सामान्यतः सौम्य साबण व पाणी यांचीच शिफारस करितात. मोटार धुण्याचा शाम्पू घरांत असल्यास उत्तम; नसल्यास भांडीं घासण्याचा पातळ साबण चमचाभर घेऊन बादलीभर पाण्यांत मिसळला तरी काम भागतें. कपडे धुण्याचा सोडा अथवा फरशीचें ॲसिड यांस मात्र टायराजवळ येऊं देऊं नये. ब्रश प्लॅस्टिकच्या केंसांचा असावा. लोखंडी तारेचा ब्रश रबर ओरबाडतो, आणि आजचा ओरखडा ही उद्यांच्या भेगेची सुरुवात ठरूं शकते.

पठारावरील काळी माती टायरास चिकटून वाळली म्हणजे ती दगडासारखी होते, आणि कोकणांतील तांबडी माती नक्षीच्या खांचांत घट्ट बसते. अशा मातीवर कोरडा ब्रश चालविण्यांत श्रम व्यर्थ जातात. आधीं पाणी ओतून ती पांच मिनिटें भिजूं द्यावी. मग ती थोड्या श्रमांत निघते.

दुकानांत टायर क्लीनर या नांवानें निराळें द्रावण मिळतें. तें बहुधा अल्कधर्मी असतें, आणि तेलकट थर किंवा जुन्या पॉलिशाचे पापुद्रे काढण्यास उपयोगी पडतें. परंतु बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणांत पाणी घालून, आणि थर खरोखर जाड असेल तेव्हांच तें वापरावें. वारंवार वापरल्यास मळाबरोबर मेणाचा पापुद्राहि निघत राहतो. त्याच फळीवर व्हील क्लीनर नांवाची बाटली असते. ती चाकाच्या धातूवर बसलेली ब्रेकची पूड काढण्यासाठीं असते, टायरासाठीं नव्हे. तिच्यांतील कांहीं प्रकार आम्लधर्मी असतात व उघड्या ॲल्युमिनियमला खातात. नांवें सारखीं दिसतात म्हणून घाईनें दुसरीच बाटली उचलली जाऊं नये.

आतां रॉकेल व डिझेल यांचा विचार करूं. टायरावर डिझेलचा बोळा फिरविण्याची रीत रस्त्याकडेच्या गॅरेजांत अजून दिसते. त्यानें टायर क्षणांत काळाभोर होतो हें खरें. पण रबरावर त्याचा काय परिणाम होतो, तें विद्यार्थ्यांनीं एका सोप्या प्रयोगानें पाहावें. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीं व विस्तवापासून दूर करावा. दोन एकसारखे रबरबँड घेऊन त्यांची लांबी व रुंदी मोजून ठेवावी. एक झांकणाच्या लहान बाटलींत रॉकेलमध्यें व दुसरा साबणाच्या पाण्यांत रात्रभर ठेवावा. रॉकेल न मिळाल्यास रंगांत मिसळण्याचें टर्पेंटाइन चालेल. दुसऱ्या दिवशीं साबणाच्या पाण्यांतील रबरबँड होता तसाच दिसेल. रॉकेलमधील मात्र फुगून लांब, रुंद व पिळपिळीत झालेला आढळेल, आणि ओढला असतां पहिल्यापेक्षां सहज तुटेल.

याचें कारण असें कीं, रबर व रॉकेल हे दोन्ही कार्बन व हायड्रोजन यांचे बनलेले सजातीय पदार्थ आहेत. सजातीय द्रव रबरांत शिरतो, त्याच्या रेणूंस एकमेकांपासून दूर सारतो, आणि बाहेर पडतांना आंतील मेण व रक्षक रसायनें बरोबर घेऊन जातो. टायरांत नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबरहि असतें. पण टायरांत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचाहि स्वभाव या बाबतींत निराळा नाहीं. डिझेलचा बोळा एकदां फिरविल्यानें टायर फुटत नाहीं, हें आम्ही मान्य करितों. परंतु तोच क्रम दर पंधरवड्यास वर्षानुवर्षे चालला, तर वरून काळा दिसणारा टायर आंतून दुबळा होत जातो. खोबरेल तेलाचा परिणाम इतका तीव्र नसला, तरी तेलाच्या चिकटपणामुळें धूळ दुप्पट बसते, आणि चार दिवसांत टायर पूर्वींपेक्षां मळकट दिसतो.

आतां चकाकी देण्यासाठींच बनविलेल्या पदार्थांकडे वळूं. बाजारांतील टायर-पॉलिशें मुख्यतः दोन वर्गांत मोडतात. पहिल्या वर्गांतील पॉलिश पाण्याच्या आधारानें बनविलेलें असतें. त्यांत सिलिकोन तेलाचे अगर पॉलिमरचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यांत विखुरलेले असतात. म्हणून तें बहुधा दुधासारखें पांढरें दिसतें. तें लावल्यावर पाणी उडून जातें आणि थेंबांचा पातळ थर मागें राहतो. याची चमक सौम्य, नव्या टायरासारखी असते. पावसाच्या चार सरींत ती कमी होते. दुसऱ्या वर्गांतील पॉलिशांत सिलिकोन तेल पेट्रोलियमपासून काढलेल्या द्रावकांत विरघळविलेलें असतें. तें बहुधा पारदर्शक व तेलकट असतें, आणि त्याला रॉकेलसारखा वास येतो. याची चमक ओल्या कांचेसारखी असते व ती अधिक दिवस टिकते. मात्र हीं द्रावकें रॉकेलचींच भावंडें असल्यामुळें वरील प्रयोगांतील दोष त्यांनाहि लागूं पडतो. शिवाय तीं ज्वालाग्राही असतात.

सिलिकोनानें टायर तडकतात, असें पुष्कळदां ऐकूं येतें. आमच्या मतें हा दोषारोप चुकीच्या ठिकाणीं केला जातो. सिलिकोन तेल टायराच्या रबरांत फारसें शिरत नाहीं, आणि रासायनिक दृष्ट्या तें मोठें शांत द्रव्य आहे. बाधक ठरतो तो त्याचा सोबती, म्हणजे पेट्रोलियमचा द्रावक. म्हणून बाटलींत सिलिकोन आहे कीं नाहीं यापेक्षां तें कशांत मिसळलें आहे, हें पाहणें अधिक महत्त्वाचें होय.

हें ओळखावें कसें? बाटलीची मागची बाजू वाचावी. तेथें ‘वॉटर बेस्ड’ असे शब्द असल्यास ती पहिल्या वर्गांतील. ‘सॉल्व्हंट बेस्ड’ किंवा ‘पेट्रोलियम डिस्टिलेट’ असे शब्द असल्यास दुसऱ्या वर्गांतील समजावी. ज्वालेचें चिन्ह छापलेलें असल्यास सावध व्हावें. फवाऱ्याच्या डब्यांत तर द्रव बाहेर ढकलण्यासाठीं बहुधा ज्वालाग्राही वायुच दाबून भरलेला असतो. आणि त्याचा फवारा टायरापुरता न राहतां ब्रेकच्या चकतीवरहि जाऊन बसतो. यासाठीं स्पंजावर घेऊन लावावयाचें पातळ पॉलिश अथवा जेल हेंच आम्हांस अधिक सुरक्षित वाटतें. एकच कंपनी दोन्ही वर्गांतील पॉलिशें विकते, तेव्हां नांवाजलेल्या कंपनीची बाटली एवढ्यावर विसंबून चालत नाहीं. ‘उन्हापासून संरक्षण’ हे शब्दहि तारतम्यानें वाचावे. उन्हाचे अतिनील किरण अडविण्याचें मुख्य काम रबरांतील काजळी पहिल्या दिवसापासून करीतच असते.

ज्यांस बाटलीवर पैसा खर्च करणें नको असेल, त्यांना औषधांच्या दुकानांत मिळणारें ग्लिसरीन उपयोगी पडेल. एक भाग ग्लिसरीन व दोन भाग पाणी मिसळून फडक्यानें टायराच्या बाजूस पुसावें. रबर त्यानें फुगत नाहीं आणि मंद काळेपणा येतो. मात्र ग्लिसरीन पाण्यांत विरघळतें, म्हणून पहिल्या पावसाबरोबर तें वाहून जातें. आणि तें हवेंतील ओलावा ओढून घेत असल्यानें जाड लावल्यास धूळ बसते.

पॉलिश कोणतेंहि असो, तें कोठें लावूं नये हा नियम सर्वांत मोठा आहे. रस्त्याला टेकणारा जो नक्षीचा पट्टा, त्यावर पॉलिशाचा थेंबहि पडूं देऊं नये. टायर रस्त्यास धरून राहतो तो घर्षणामुळें. आणि पॉलिशाचें काम तर पृष्ठभाग निसरडा करण्याचेंच असतें. मोटारीच्या टायराच्या उभ्या बाजूस पॉलिश लावणें चालतें, कारण ती बाजू रस्त्यास टेकत नाहीं. स्कूटर व मोटारसायकल यांची गोष्ट वेगळी आहे. वळण घेतांना तीं कलतात, आणि त्या वेळीं टायराची कडा रस्त्यास टेकते. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें स्कूटर धुवावयास दिली होती. ती परत आली तेव्हां टायर आरशासारखे चमकत होते. शाळेच्या कोपऱ्यावरील वळणावर मागचें चाक एकाएकीं सरकलें. कोपर व गुडघा सोलला, आणि मागून येणारी एस. टी. बस दूर होती म्हणूनच तेवढ्यावर निभावलें. टायराच्या कडेवरून बोट फिरवितांच बोट तेलकट झालें. दुचाकीच्या टायरास पॉलिश लावूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ते धुवून स्वच्छ ठेवावे, एवढीच त्यांची शोभा.

चकाकीचा आणखी एक दुरुपयोग सांगितला पाहिजे. जुनें वाहन विकतांना टायर चमकवून ठेवण्याची युक्ति पुष्कळ विक्रेते करितात. अशा वेळीं खरेदी करणाऱ्यानें ओल्या फडक्यानें टायराची बाजू पुसून काढावी आणि तिच्यावर उठविलेलीं अक्षरें वाचावीं. त्यांत चार आंकडे एकत्र असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात व पुढचे दोन वर्ष. उदाहरणार्थ, २३१६ म्हणजे इ. स. २०१६ मधील तेविसावा आठवडा. ही चार आंकड्यांची पद्धत इ. स. २००० पासून चालू आहे. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांहून जुना टायर बदलावा, असें कित्येक कारखाने सांगतात. मोटारीच्या टायराच्या नक्षीच्या खांचांत मधून मधून १.६ मिलिमीटर उंचीचे लहान बांध असतात. रबर झिजून त्या बांधांच्या पातळीस आलें कीं टायराचें आयुष्य संपलें. हे आंकडे व हे बांध कोणत्याहि पॉलिशानें तरुण होत नाहींत. टायर धुण्याचा खरा लाभहि हाच आहे कीं, मळ निघाला म्हणजे भेगा, फुगवटे आणि रुतलेले खिळे डोळ्यांस दिसतात. धुण्यानें दोष उघड होतात. नुसत्या चकाकीनें ते झांकले जातात.

धुतलेल्या पाण्याविषयींहि दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ओझोनापासून रबराचें रक्षण करणारें सिक्स-पीपीडी नांवाचें एक रसायन आहे. ओझोनाशीं संयोग होऊन त्यापासून बनणारा एक पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहो जातीच्या सामन माशांस मारतो, असा शोध अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या संशोधकांनीं इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध केला. टायरांचें तपकिरी पाणी विहिरीजवळ, ओढ्यांत किंवा जनावरांच्या हौदाशेजारीं सोडूं नये, हा त्यांतील बोध आपणांसहि घेण्यासारखा आहे.

आतां कृति थोडक्यांत सांगतों. गाडी सावलींत उभी करावी आणि टायर थंड होऊं द्यावे. एका चाकावर पाणी ओतून साबणाच्या फेसानें ब्रश फिरवावा. पहिला फेस तपकिरी येईल; फेस पांढरा येऊं लागला कीं थांबावें, त्यापुढें घासण्यांत लाभ नाहीं. फेस वाळण्यापूर्वीं पाण्यानें धुवून मग दुसरें चाक घ्यावें. दोन बादल्या ठेवल्यास, एक साबणाची व एक ब्रश खळबळण्याची, पाणी कमी लागतें. टायर फडक्यानें पुसून पूर्ण वाळवावे. मोटारीस पॉलिश लावावयाचेंच असेल तर पाण्याच्या आधारानें बनविलेलें, स्पंजावर थोडेंसें घेऊन, केवळ उभ्या बाजूस पातळ लावावें. दहापंधरा मिनिटांनीं कोरड्या फडक्यानें जास्तीचें टिपून घ्यावें. न टिपल्यास चाक फिरूं लागतांच त्याचे शिंतोडे रंगावर उडतात. धुणें महिन्यांतून एकदां, आणि पॉलिश प्रसंगोपात्त; एवढें पुरे आहे. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीस मात्र पॉलिशापेक्षां अधूनमधून चालविण्याची गरज अधिक असते, कारण टायर फिरून लवला म्हणजेच आंतील मेण पृष्ठभागावर नीट येतें.

असो. दुकानांतील फळीसमोर उभे राहिल्यावर ही बाटली किती चमक देईल, असें विचारण्याऐवजीं ही बाटली माझ्या रबराचें काय करील, असें विद्यार्थ्यांनीं विचारावें, एवढीच आमची विनंती आहे. साबण, पाणी व ब्रश यांनीं ज्याचे टायर स्वच्छ राहतात, ज्याची नक्षी खोल आहे आणि ज्याच्या बाजूवर भेग नाहीं, त्याच्या गाडीस चकाकी नसली तरी कांहीं उणें नाहीं.